तिरकं तळं

१

पाकीट हरवतं, छत्री हरवते, गर्दीत एखादं पोर हरवतं. गाव हरवल्याची तक्रार घेऊन मात्र सहसा कोणी येत नाही. सोमवारी सकाळी नकाशा कार्यालयाच्या पायऱ्या चढून आलेल्या शिक्षिकेची तक्रार नेमकी तीच होती. ती आदल्या दिवशीच त्या गावातून निघाली होती, चूल विझवून आणि दाराला कडी घालून. म्हणजे गाव जागच्या जागी होतं. नकाशात तेवढं नव्हतं.

"मागच्या आठवड्यात पूलवाल्यांकडे गेले होते मी," ती म्हणाली. "त्यांनी पडद्यावरच्या नव्या कच्च्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं. म्हणाले, बाई, इथे गाव कुठलं, इथे तर तळं आहे. तळ्याला कशाला हवाय पूल?"

हे ऐकत होती ती कार्यालयाची तपासनीस. पन्नाशीची, बुटकी, आवाज मऊ. सगळे तिला टाचणी म्हणत, कारण बोलता बोलता ती कधी टोचून जाई ते घरी गेल्यावर कळत असे. तिला जेवणानंतर खुर्चीतच डुलकी लागायची. त्या डुलकीला ती 'विचार' म्हणायची, आणि तिचे निम्मे तपास त्या विचारातच लागले होते, असं चेष्टेने म्हटलं जाई. खरंही होतं ते.

"तुमच्याकडे खरंच तळं नाही?" टाचणीने विचारलं.

"ताई, नदी आहे. तळं असतं तर काठाकाठाने वळसा घालून आले असते. नदी नावेतूनच ओलांडावी लागते. नावेचंच तर दुखणं आहे." शिक्षिका थोडं थांबली. "मागच्या पुरात माझी जाऊ बाळंतपणाला पलीकडे निघाली होती. नावेत बसली, ती उतरलीच नाही. त्यानंतर पुलाची मंजुरी आली. आणि आता म्हणतात, गावच नाही."

टाचणीने गावाचं नाव तेवढं लिहून घेतलं. अशा वेळी बोलणाऱ्या माणसांचा तिला राग यायचा.

नकाशाच्या दालनात गेली दोन वर्षं एक मोठं काम चाललं होतं. सगळ्या जगाचा नकाशा हल्ली आयता मिळतो. आकाशातून काढलेल्या फोटोंवरून यंत्रांनी त्यातले रस्ते, पाणी, जंगलं ओळखून ठेवलेली असतात. पण आयता सदरा अंगाला बसेलच असं नाही. तो आपल्या मापाने उसवायचा, पुन्हा शिवायचा, आपल्या मोजणीतल्या डोंगरांच्या उंच्या आणि घरं त्यात बसवायची, नावं घालायची, आणि त्यातून देशाचा एकच मूळ नकाशा करायचा. त्यावर शुक्रवारी दुपारी शिक्का बसणार होता. एकदा शिक्का बसला की पुढची पाच वर्षं पूल, दवाखाने, विजेचे खांब, सगळं त्याच नकाशावरून ठरणार.

टाचणीने दालनात जाऊन त्या गावाची दरी पडद्यावर काढली. खिडक्यांचे पडदे ओढलेले, दिवे मंद, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर पडद्याचा निळा उजेड. त्या दालनात माणूस नेहमीच अर्धा झोपेत असल्यासारखा वाटे. दरीत एक लांबट निळं तळं पसरलं होतं. घर एकही नव्हतं.

आणि तळ्यावर, छोट्या तिरप्या अक्षरांत, नाव होतं. गावाचंच नाव.

२

ते बघून कार्यालयाच्या साहेबांना घाम फुटला. "कोणीतरी मुद्दाम केलंय. नुसती चूक असती तर तळ्याला नाव कसं मिळालं? कुठेतरी पाणी मुरतंय."

"साहेब, मुरलं असतं तर बरं होतं," टाचणी म्हणाली. "इथे ते वर दिसतंय."

"थट्टा नको. तळ्याकाठी बंगले बांधून विकणारे कमी आहेत का? कोणाचे तरी हात ओले झालेत. शुक्रवारपर्यंत माणूस शोधा. आणि हे बघा, नियम तुम्हाला ठाऊक आहे. गुन्हा सिद्ध झाला तरच शिक्का थांबवता येतो. नुसती चूक निघाली तर ती दुरुस्ती पुढच्या नकाशात, पाच वर्षांनी. नाहीतर रोज कोणी ना कोणी चूक काढत बसेल आणि नकाशा जन्मभर कच्चाच राहील."

नियम वाईट नव्हता. फक्त या वेळी त्याच्याखाली एक गाव आलं होतं.

नावं घालणारी बाई दालनाच्या कोपऱ्यात बसे. नाव ठेवण्याचा मान तिचा, म्हणून सगळे तिला आत्या म्हणत. लोकांनाही ती तितक्याच उत्साहाने नावं ठेवत असे.

"हो, मीच ठेवलं," आत्या म्हणाली. "करणार काय होते? नाव आपलं पाण्यावर तरंगत होतं, आणि खाली एक घर नाही. घर नसेल तर गावाचं नाव पुसून टाकायचं असा आमचा शिरस्ता. मला पुसवेना गं. कुठल्या तरी आईने, कुठल्या तरी म्हाताऱ्याने किती वर्षं ते उच्चारलं असेल. पोरकं नाव, मग घातलं तळ्याच्या ओटीत. यात माझं काय चुकलं?"

"काही नाही. तळं बघून काही वाटलं नाही तुम्हाला?"

"वाटलं ना. भलतंच कुरूप वाटलं. पूर्वेचा काठ सरळ, आणि पश्चिमेचा बघावा तर नुसता दातेरी. एखाद्या मोडक्या फणीसारखा. नाव कुठल्या बाजूने वळवावं तेच कळेना. पण पाणी काय माझ्या खात्याचं नाही, आणि मी दुसऱ्याच्या ताटात बघत नाही."

आत्या सगळ्यांच्याच ताटात बघायची. पण टाचणीने ते मनात ठेवलं.

"आणि घरं? घरं कोणी काढून टाकली?"

आत्याने मान न वळवता फक्त डोळे वळवले. पलीकडच्या टेबलाशी एक उंच, किडकिडीत माणूस गुणगुणत बसला होता. टाचणी त्याच्यापाशी पोचायच्या आतच तो म्हणाला, "मी काढली. सगळी."

३

त्याला शिंपी म्हणत. जगाचा आयता नकाशा आणि देशाची जुनी मोजणी यांची शिवण घालणं हे त्याचं काम. नाकासमोर चालणारा माणूस. इतका की वाटेत भिंत आली तर तिची परवानगी घेईल.

"का काढली?"

"पाण्यात होती म्हणून. घरं आपल्या जुन्या मोजणीतली, पाणी नव्या फोटोंमधलं. दोघांचं भांडण झालं की नवं ते खरं. यंत्र विचारतं, पाण्यातली घरं काढू का? मी म्हणतो, काढ. बाई, धरणं झालीत, गावं उठलीत, अशी शेकडो घरं खरोखरच पाण्याखाली गेलीत. एकेका घरासाठी रडत बसलो तर शिवण कधी घालणार?"

"पण तळं खरं आहे की नाही, हे बघितलं नाहीस?"

शिंप्याने अपमान झाल्यासारखं बघितलं. "पाण्याचं खातं पाणीकाकांचं. काकांनी पाणी म्हटलं की पाणी. त्यांची खूण झाल्याशिवाय माझ्याकडे थेंबसुद्धा येत नाही."

"हे फोटो काढतात तरी कधी?"

"वरून फिरणारा डोळा असतो ना, त्याची फेरी बांधलेली. दूधवाल्यासारखी. कुठल्याही गावावरून गेला तरी तिथे सकाळचा तोच प्रहर असतो. पावसाळ्यातले फोटो ढगांमुळे फुकट जातात, म्हणून त्या डोंगराळ भागाचे बहुतेक थंडीतलेच उरतात." तो पुन्हा गुणगुणू लागला आणि मधेच थांबला. "बाई, त्या गावात खरंच माणसं राहतात?"

"एक तर बाहेर अंगणात बसलीय."

शिंपी खिडकीपाशी गेला आणि पडदा किंचित बाजूला करून बघत राहिला. शिक्षिका अंगणातल्या खुर्चीवर बसली होती. सावली खुर्चीपर्यंत आली तशी ती उठली, खुर्ची उचलून उन्हात नेली आणि पुन्हा बसली. शिंप्याचं गुणगुणणं त्या दिवशी परत सुरू झालं नाही.

४

पाणीकाकांच्या खोलीत निळ्याच्या साऱ्या छटा भिंतीवर लावलेल्या होत्या. नदीचा निळा, तळ्याचा निळा, खाडीचा निळा. देशातलं सगळं पाणी या माणसाच्या नजरेखालून गेलेलं. शिक्का बसला की त्याच संध्याकाळी त्यांचा निरोपसमारंभ होता, मानपत्र छापून आलं होतं, आणि ते वाचून झाल्यावर काय बोलायचं हे काका दाढी करताना आरशासमोर घोकत होते, अशी खबर होती.

"माझ्या पाण्यावर संशय?" काका हसले. "विचार, विचार. तुझं कामच आहे ते. पण एक ऐक. पाणी कधी खोटं बोलत नाही. माणसाची जमीन तिरकी, भिंत तिरकी, नजर तिरकी. पाणी सपाट. माझ्या नकाशात एक तळं तिरकं दाखव, मिशी उतरवतो."

"हे तळं तिरकं नव्हतं?"

काकांचा चहाचा कप ओठांपाशी थांबला. "आलं तेव्हा होतं. यंत्राने लाल खूण केली होती. पूर्वेचा काठ पश्चिमेपेक्षा दहाबारा ताड उंच."

"मग?"

"मग काय? सपाट केलं."

"पाणी कसं सपाट करणार? काठ तर डोंगराचा."

"डोंगर खाली आणला," काका म्हणाले, एखादी वाकडी तसबीर सरळ केल्यासारखं. "उंच्या जुन्या मोजणीतल्या. माणसं दोऱ्या आणि दुर्बिणी घेऊन कडे चढायची. थकली असतील, अंदाजे लिहिलं असेल. पाणी मात्र फोटोत काळंभोर, स्वच्छ दिसत होतं. मी डोंगर कापला, काठ जुळला, लाल खूण गेली. त्यात काय एवढं?"

एका माणसाने बसल्या जागी डोंगर कापला होता आणि त्याला ते आठवायलासुद्धा क्षणभर वेळ लागला होता.

दुपारी ती खुर्चीत 'विचार' करू लागली. विचारात तिला ते गाव दिसलं. पाण्याखाली, हिरवट उजेडात, बायका दोरीवर कपडे वाळत घालत होत्या आणि कपडे हळूहळू वर तरंगत होते. एक म्हातारा उंबऱ्यात बसून मासे हाकलत होता. कोणी घाबरलेलं नव्हतं. शिक्षिका फळ्यावर काहीतरी लिहीत होती आणि पोरं तोंडातून बुडबुडे सोडत पाठ म्हणत होती. टाचणी त्यांना विचारत होती, तुम्ही बुडालात कधी? आणि ती सगळी तिच्याकडे बघून विचारत होती, आम्ही? आम्ही कुठे बुडालोय? अंधार आहे थोडा, एवढंच.

टाचणी दचकून जागी झाली. तिने चप्पल घातली न घातली आणि अंगणात धावली.

५

शिक्षिकेची खुर्ची पुन्हा सरकली होती. अंगणाच्या मधोमध कार्यालयाच्या इमारतीची सावली पडली होती. एका बाजूला भिंतीच्या पायाची सरळ रेघ. दुसऱ्या बाजूला छपरावरच्या कौलांचे दात.

टाचणी त्या दातांकडे बघत राहिली. मोडकी फणी, आत्या म्हणाली होती.

"बाई, तुम्ही सारखी खुर्ची का हलवता?"

"सवय हो, ताई. ऊन वाया घालवायला जीव होत नाही. आमच्याकडे पूर्वेला उभा कडा. थंडीत दुपारच्या सुट्टीपर्यंत दरीत ऊन म्हणून उतरत नाही. तोवर पोरं शेकोटीभोवती. सकाळी काळोखच असतो म्हणा ना."

संध्याकाळी टाचणीने सगळ्यांना साहेबांच्या खोलीत बोलावलं. शिक्षिकेलाही.

"तळं कोणी काढलेलं नाही," ती म्हणाली. "आकाशातला डोळा रोज सकाळी त्याच प्रहराला येतो. त्या वेळी थंडीत दरीवर कड्याची सावली असते. गर्द सावली वरून काळी दिसते आणि शांत पाणीही काळंच दिसतं. यंत्राने सावलीला पाणी म्हटलं. म्हणून पूर्वेचा काठ सरळ, तो कड्याचा माथा आहे. पश्चिमेचा दातेरी, ती त्याच्या सुळक्यांची सावली. आणि म्हणूनच तळं तिरकं होतं. सावली डोंगराच्या अंगावर तिरकी पडू शकते. पाणी तिरकं राहू शकत नाही."

काका खुर्चीत पुढे सरकले.

"पुढे सगळं शहाण्यासारखंच झालं. काकांनी तळं सपाट केलं. तळं पक्कं झालं म्हणून शिंप्याने घरं काढली. घरं गेली म्हणून आत्याने नाव तळ्याला दिलं. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं आणि गाव बुडालं."

साहेबांनी सुस्कारा सोडला. सुटकेचा. "म्हणजे गुन्हा नाही?"

टाचणीच्या ते आत्ता ध्यानात आलं. कोडं सुटल्याच्या आनंदात ती नियम विसरली होती. एवढी हुशारी दाखवून तिने गावाच्या गळ्यात धोंडाच बांधला होता.

"नाही," ती हळूच म्हणाली. "चूक आहे."

"मग शिक्का बसेल. वाईट वाटतं, पण पाच वर्षांनी नक्की दुरुस्त करू." साहेब शिक्षिकेकडे बघायचं टाळत होते. "तोवर तुमच्याकडे नाव आहेच ना?"

शिक्षिका रडली नाही. तिने खुर्चीवरची पिशवी उचलली. "आहे," ती म्हणाली. "नाव आहे." आणि गेली.

आत्याने पदर डोळ्यांना लावला. शिंपी जमिनीकडे बघत बसला. पाणीकाका मात्र कोणाकडेच बघत नव्हते. त्यांनी एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं घट्ट धरली होती, जणू ती कुठेतरी पळून जातील.

दुसऱ्या दिवशी काकांची खोली बंद होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. घरी कोणी फोन उचलेना.

६

शुक्रवारी दालनात फुलं आली, पाहुणे आले. मानपत्र चौकटीत बसवून टेबलावर ठेवलं होतं, फक्त ज्याचं ते होतं त्याचाच पत्ता नव्हता. साहेब दर थोड्या वेळाने दाराकडे बघत होते. शिक्का म्हणजे प्रत्यक्षात पडद्यावरचं एक बटण. ते दाबायला साहेबांनी बाही सावरली तेवढ्यात टाचणीच्या हातातला फोन वाजला.

"काका! कुठे आहात तुम्ही?"

"तळ्यात," पलीकडून आवाज आला.

टाचणीने हात वर केला. साहेब थांबले. तिने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"अगदी मधोमध उभा आहे," काका सांगत होते. वारा त्यांचे शब्द मागे-पुढे नेत होता. "माझ्या हिशेबाने डोक्यावर बांबू बुडेल एवढं पाणी हवं. मोजेसुद्धा ओले नाहीत. समोर शाळा आहे. उजवीकडे एकजण बकरी धुतोय. मी सकाळीच आलो. खरंच काळोख असतो गं. आणि नदी नावेतून ओलांडली. जन्मभर नदीला निळा रंग देत आलो, तिच्यावर बसलो आज पहिल्यांदा. नाव मधे आल्यावर काठी तळाला लागेना. नावाड्याने डोळे मिटले. मी उघडे ठेवले."

"परत या काका. सगळे थांबलेत."

"थांबू देत. तुला गुन्हेगार हवाय ना? लिहून घे."

"काका, ती चूक होती. मी स्वतः सगळ्यांसमोर सांगितलंय."

"तू हुशार आहेस, पण तेवढं तुला दिसलं नाही. लाल खूण यंत्र उगाच करत नाही. ती आली की त्या जागी माणूस पाठवून पाहणी करायची, हा नियम मीच केलेला. माणूस पाठवला असता तर महिना गेला असता. शिक्का पुढे गेला असता, माझ्या निवृत्तीच्या पलीकडे. माझ्या हातून पुरा झालेला नकाशा दुसऱ्याच्या नावावर गेला असता." वाऱ्याचा आवाज आला, मग पुन्हा काका. "डोंगर कापताना हात अडखळला होता माझा. मी त्याला दटावलं. हात अडखळतो तेव्हा माणसाला कुठेतरी कळत असतं ना? कळूनसवरून केलं की त्याला काय म्हणतात तुझ्या नियमात?"

टाचणीने एक कागद पुढे ओढला. मऊ आवाजाची ती बाई त्या क्षणी अगदीच मऊ झाली. "समारंभ राहून जाईल काका. नाव जाईल तुमचं. चौकशी होईल."

"माहीत आहे. लिही."

तिने लिहिलं. जाणूनबुजून केलेला बदल. कोणी केला, त्यापुढे पाणीकाका. मग तिने तो कागद साहेबांच्या पुढ्यात सरकवला. साहेबांनी तो वाचला, मानपत्राकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. शिंपी कोणाला न विचारता आपल्या टेबलाशी जाऊन बसला होता आणि दरी पडद्यावर काढत होता. त्याच्या आयुष्यात परवानगीशिवाय केलेलं हे बहुधा पहिलंच काम असावं. आत्या त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

साहेबांनी बाही खाली सोडली आणि कागदावर सही केली.

"काय झालं?" फोनमधून काकांनी विचारलं. "शिक्का थांबला का?"

"थांबला," टाचणी म्हणाली.

पलीकडून पोरांचा गलका ऐकू आला, आणि कोणीतरी बाई काकांना मोठ्याने काहीतरी विचारत होती.

"मग आता जेवूनच येतो," काका म्हणाले. "या लोकांनी पान वाढलंय."